अगेव्ह दर हिवाळ्यात सडतोय? थंडीला दोष द्यायच्या आधी हे तपासा

तक्रार दरवर्षी तीच असते. लेबलवर 'मायनस 15 पर्यंत चालतो' असं लिहिलेला अगेव्ह (आपला घायपात, पण थंडी सोसणाऱ्या जातीचा) आणला, बागेत लावला, उन्हाळाभर झकास वाढला, आणि हिवाळा संपता संपता बघावं तर खालची पानं पिवळी-करडी, मधला सुळका (अजून न उघडलेल्या पानांची घट्ट गुंडाळी) हलतोय, जरा जोर लावला की अख्खं झाड हातात. तापमान तर मायनस 6-7 च्या खाली गेलंच नव्हतं. मग लेबल खोटं होतं असं ठरतं, नाहीतर आमच्याकडे अगेव्ह जगतच नाही असं ठरतं, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात तसलाच दुसरा लावला जातो, तोही जातो.

लेबल बहुतेक वेळा खोटं नसतं, अर्धवट असतं. तो आकडा असतो कोरड्या मातीतल्या, मुळं नीट धरलेल्या, मोठ्या आणि हळूहळू थंडीला सरावलेल्या झाडाचा. यातली एकही अट मोडली की झाड तेवढी थंडी सोसत नाही, आणि ओल ही त्यातली सगळ्यात महाग अट आहे. तेच झाड ओल्याचिंब मातीत निम्म्या थंडीतही मरू शकतं. म्हणून 'अजून हार्डी (थंडी सोसणारी) जात सांगा' हा प्रश्न मला नेहमी उलटा वाटतो, आधी जागा दुरुस्त करा, मग जात निवडा.

आधी नक्की कशाने गेला ते बघा

नुसत्या थंडीचा मार आणि सड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दिसतातही वेगळ्या, आणि इलाज तर पूर्णच वेगळे आहेत.

थंडीचा मार बसला की गोठलेल्या झाडातला बर्फ वितळल्यावर दोन-तीन दिवसांत पानांवर गडद हिरवे, ओलसर, आरपार उजेड जाईल असे डाग दिसतात, बोटाने दाबलं तर आत काही भरीव लागतच नाही. मग आठवड्या-दोन आठवड्यात तो भाग पांढरट-खाकी होऊन कडक वाळतो. हे बहुतेक करून पानाच्या टोकाला किंवा आभाळाकडे उघड्या असलेल्या बाजूला असतं. दिसायला भयंकर पण मधला सुळका शाबूत असला तर घाबरायचं काही नाही, नवीन पानं आतूनच येणार आहेत, एक-दोन वर्षांत जुनी पानं खाली जातात आणि काही झालं होतं हे कळतही नाही.

सड खालून सुरू होते. पानाचं टोक अगदी ठणठणीत, हिरवं, काटा जागच्या जागी, आणि पान जिथे बुंध्याला चिकटतं तिथे पिवळं, मग तपकिरी, मग बुळबुळीत. पान ओढलं की सहज निघून येतं आणि एक आंबूस घाण वास येतो, एकदा घेतला की परत विसरत नाही.

खात्री करायची तर हातमोजा घाला आणि मधला सुळका शक्य तितका खालून धरा आणि हलकेच वर ओढा, पिळू नका. घट्ट बसलेला असेल तर वाढीचं टोक जिवंत आहे, बाहेरची सगळी पानं गेली असली तरी. वर निघून आला तर त्याचं खालचं टोक बघा. स्वच्छ पांढरं असायला हवं. तपकिरी आणि चिकट असेल तर तो रोझेट (एका बुंध्याभोवतीचा पानांचा घेर) संपला, आता फक्त पिल्लं वाचवायचं बघा. ही टेस्ट गोठलेल्या झाडावर करू नका, आतला बर्फ पूर्ण वितळल्यावर आणि दोन-चार ऊबदार दिवस गेल्यावरच करा, नाहीतर चांगला सुळकाही मोडाल.

आता थंडीचा काहीही संबंध नसलेली पण थंडीच्या नावावर खपणारी कारणं. झाड उन्हाळ्यात, ऐन गरमीत अचानक बसलं, बाहेरची पानं सगळीकडे लोळली आणि मधला सुळका मात्र सुरुवातीला एकटाच उभा, तर तो अगेव्हचा सोंडकिडा. काळा भुंगा, साधारण दीड-दोन सेंटिमीटर, पुढे वाकडी सोंड. मादी बुंध्याशी भोक पाडून अंडी घालते, त्या जखमेतून जिवाणू आत जातात, गाभा सडतो आणि अळ्या तोच खात बसतात. बाहेरून कळेपर्यंत आतलं सगळं झालेलं असतं. असं झाड उपटून, आतल्या अळ्यांसकट पिशवीत बांधून बागेबाहेर काढा, कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. अमेरिकाना ही जात आणि फुलायच्या वयाला आलेली मोठी झाडं याची जास्त लाडकी.

पानांवर खोलगट डाग आणि त्यात नारिंगी-तांबूस ठिपके, तेही पावसाळी दिवसांत, तर बुरशी. पानं कापा, वरून पाणी मारणं बंद करा. वसंतात आडोशातून बाहेर काढल्यावर एकाच बाजूला पांढरट-पिवळे चट्टे आले तर ते ऊन लागलंय, दंव नाही. आणि झाडाने मधून उंच दांडा काढून फुलं दिली आणि मग वाळायला लागलं तर तुमचं काहीच चुकलेलं नाही, अगेव्हचा रोझेट एकदाच फुलतो आणि मरतो, दहा-वीस-तीस वर्षं जगून मग. त्याला वाचवायच्या फंदात पडू नका.

वरचं काही जुळत नसेल आणि सड खालून, हिवाळ्यात किंवा हिवाळा संपताना असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

ओल आणि थंडी एकत्र आली की काय होतं

अगेव्हच्या पानात पाणी साठवलेलं असतं, तेच त्याचं भांडवल आणि तेच थंडीत अडचणीचं. थंडी हळूहळू वाढत गेली तर झाड आठवडे-महिने आधीपासून तयारी करतं, पेशींमधलं पाणी कमी करतं, साखरेचं प्रमाण वाढवतं. मग गोठलंच तर बर्फ पेशींच्या मधल्या जागेत होतो, पेशीच्या आत नाही, आणि झाड ते सोसतं. पण झाड पाण्याने टम्म फुगलेलं असेल, किंवा काल पंधरा डिग्री आणि आज रात्री मायनस आठ असा धक्का बसला, तर बर्फ पेशीच्या आतच होतो आणि पेशी फुटते. म्हणून ऐन हिवाळ्यातल्या मायनस 12 पेक्षा शरद ऋतूतला पहिला अचानक मायनस 6 किंवा वसंतात झाड जागं झाल्यावर आलेली एक रात्र जास्त नुकसान करून जाते.

दुसरी बाजू मुळांची. थंड मातीत मुळं जवळजवळ झोपलेली असतात, पाणी उचलत नाहीत, आणि आजूबाजूला पाणी तुंबलं की गुदमरतात. बुरश्या आणि जिवाणू मात्र तेवढे झोपलेले नसतात. त्यात पानाला थंडीने एखादी बारीक जखम झालेली असली की आत जायला वाटच मिळते. म्हणजे थंडी दार उघडते आणि ओल आत शिरते, दोघींपैकी एकीला तरी अडवलं तरी पुष्कळ झालं, आणि थंडी अडवणं आपल्या हातात नाही, ओल अडवणं आहे.

थंडी सोसणाऱ्या बहुतेक जाती ज्या डोंगरातून येतात तिथे, म्हणजे उत्तर मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैऋत्य भागात, मुख्य पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा बराच कोरडा जातो. बर्फ पडतो, पण उतारावर, खडकात, आणि वितळलं की पाणी निघून जातं. तुमच्याकडे हिवाळ्यातच रिपरिप चालत असेल तर त्या झाडाचं अख्खं कॅलेंडरच उलटं झालंय असं समजा.

जागा आणि निचरा, खरं काम इथेच आहे

पहिली टेस्ट फुकट आहे. जिथे लावायचं तिथे 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला निदान 5 सेंटिमीटर उतरलं पाहिजे. दोन-अडीचवर अडकत असेल तर त्या जमिनीत खड्डा करून अगेव्ह लावायचाच नाही, जमिनीच्या वर लावायचा.

इथे जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात, चिकणमातीत मोठा खड्डा खणतात, त्यात भरपूर खडी-रेती घालतात आणि वर झाड लावतात, वाटतं आता निचरा होणार. होतं उलटं. आजूबाजूच्या चिकणमातीतून पाणी मुरत नाही म्हणून ते सगळं त्या सैल खड्ड्यात येऊन जमा होतं आणि मुळं थेट हौदात बसतात. कुंडीच्या तळाला खडीचा थर घालण्याचंही तसंच, बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, वरच अडून बसतं, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ आला.

रेतीचंही नीट बघा. चिकणमातीत बारीक रेती मिसळली तर वाळल्यावर त्याची वीट होते. लागते ती भरड, 3 ते 8 मिलिमीटरची कच, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), धुतलेली खडी, ज्यात बारीक पूड नाही अशी.

उंच वाफा करा. किमान 30 सेंटिमीटर, जास्त पावसाच्या ठिकाणी 45-60. मिश्रणात दोन तृतीयांश खडी-कच-प्युमिस आणि एक तृतीयांश साधी बागेची माती, थोडं जुनं कंपोस्ट चालेल पण थोडंच. सुरुवातीला जितका उंच वाटतो तितका राहत नाही, वर्षभरात बसतो, म्हणून जरा चढाच करा. मोठे दगड असतील तर अर्धे गाडून लावा, दिवसा तापतात आणि उतारही धरून ठेवतात.

आणि झाड सरळ उभं लावू नका! हे लोकांना विचित्र वाटतं पण करून बघा. वाफ्याच्या उतारावर रोझेट पंधरा-वीस अंश पुढे कललेला ठेवला की पानांच्या बेचक्यात पाणी साठत नाही, पाऊस पडला की ओघळून जातो. डोंगरात हे कड्यांना चिकटून असंच तिरकं वाढतं. सपाट जमिनीवर सरळ उभा असलेला अगेव्ह वरून बघितला तर तो पाणी गोळा करायलाच बसलाय असं दिसतं, मधोमध पाणी, रात्री त्याचा बर्फ, आणि त्याच्या बरोबर खाली वाढीचं टोक.

बुंधा मातीच्या 2-3 सेंटिमीटर वर राहू द्या आणि भोवती 5 सेंटिमीटर जाड खडीची कॉलर करा, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकणार नाहीत. लाकडाची साल, पालापाचोळा, गवत यातलं काहीही मल्च (मातीवरचं आच्छादन) म्हणून नको, ते ओल धरून ठेवतात.

नर्सरीतून आणलेल्या झाडाचं अजून एक. मुळांभोवती कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. तो तसाच खडीच्या वाफ्यात लावला की भोवतालची खडी कोरडी आणि मधला गोळा महिनाभर ओला, सड अगदी मधोमध चालू. लावताना तो गोळा पाण्यात भिजवून, बोटांनी मोकळा करून, जितका निघेल तितका काढून टाका. मुळं थोडी तुटली तरी अगेव्ह तक्रार करत नाही, पण मग आठवडाभर सावलीत सुकू द्या आणि नंतर लावा.

जागा निवडताना बागेतला सगळ्यात खोलगट कोपरा टाळा, थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन तिथेच साठते, आणि स्वच्छ आभाळाच्या शांत रात्री त्या कोपऱ्यात आणि वरच्या बाजूला दोन-चार डिग्रीचा फरक सहज पडतो. उन्हाकडे तोंड केलेली भिंत (उत्तर गोलार्धात दक्षिणमुखी) सगळ्यात चांगली, छपराच्या वळचणीखाली असेल तर अजून चांगलं कारण पाऊसही अडतो. फक्त छपराचं पाणी नेमकं झाडावर पडत नाही ना ते आधी बघा.

कधी लावायचा, कधी पाणी, कधी थांबायचं

लावायचा वसंतात, शेवटचं दंव होऊन गेल्यावर. हिवाळ्याआधी मुळं पसरायला पूर्ण हंगाम मिळायला हवा. शरद ऋतूत सेल लागलेला असतो, तेव्हा घेतलेलं झाड वसंतापर्यंत कुंडीतच, कोरडं, आडोशाला ठेवा. लहान रोपं तर मुळीच बाहेर टाकू नका, रोझेट निदान 15-20 सेंटिमीटरचा होईपर्यंत कुंडीत वाढवा, त्याच जातीचं लहान रोप मोठ्या झाडापेक्षा कितीतरी लवकर मरतं.

उन्हाळ्यात पाणी द्या. वाळवंटी झाड म्हणून लोक उन्हाळ्यातही उपाशी ठेवतात आणि हिवाळ्यात मात्र पावसात भिजू देतात, हे अगदी उलट झालं. वाढीच्या दिवसांत माती पूर्ण वाळली की भरपूर पाणी, मग परत वाळू द्यायची. उन्हाळा अर्धा झाला की खत बंद, विशेषतः नायट्रोजनवालं, कारण त्याने मऊ, फुगीर पानं येतात आणि तीच पहिली गोठतात. पहिल्या दंवाच्या साधारण सहा ते आठ आठवडे आधी पाणीही बंद. पानं जराशी आत वळली, थोडी सुरकुतली तर बरंच आहे, ते झाड थंडीसाठी तयार होतंय.

आता जात

लेबलवर जो झोन लिहिलेला असतो त्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोन 7 म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीची अनेक वर्षांची सरासरी मायनस 17.8 ते मायनस 12.2, झोन 8 म्हणजे मायनस 12.2 ते मायनस 6.7. सरासरी! म्हणजे काही वर्षी त्याच्याही खाली जाणार. ब्रिटनच्या आरएचएस (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी) या बागकाम संस्थेच्या यादीत एच5 म्हणजे मायनस 15 ते मायनस 10. यातला कुठलाही आकडा पाऊस किती, ओल किती, गोठण किती दिवस टिकलं हे सांगत नाही. पहाटे दोन तास मायनस 8 आणि सलग चार दिवस मायनस 8 ज्यात मातीचा गोळाच गोठला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाली दिलेले आकडे कोरड्या, जम बसलेल्या झाडांचे आणि अंदाजेच धरा. ओल्या हिवाळ्यात झाड सरळ पाच-सात डिग्री कमी थंडी सोसेल (मायनस 20 असेल तर मायनस 13-15) असं धरून निर्णय घ्या.

नवीन माणसाने पॅरी (Agave parryi) या जातीपासून सुरू करावं हे माझं ठाम मत. निळसर-राखाडी, गोल, आटोपशीर रोझेट, पिल्लं भरपूर देतो म्हणजे एक गेला तरी दुसरा असतो, आणि मायनस 20 च्या आसपास सोसतो. पण पॅरीमध्येही प्रकार आहेत आणि इथेच फसायला होतं. ट्रंकाटा हा रुंद, आखूड पानांचा सगळ्यात देखणा, म्हणून सगळीकडे तोच मिळतो, आणि तो बाकी पॅरींपेक्षा स्पष्टपणे कमी हार्डी आहे. लेबलवर नुसतं 'पॅरी' लिहिलेलं असेल आणि पानं चमच्याएवढी आखूड-गोल असतील तर जरा सावध. निओमेक्सिकाना हा पॅरीचाच नातेवाईक, न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासचा, पानं अरुंद आणि थोडा कमी सुंदर, पण थंडीत सगळ्यांच्या पुढे, मायनस 25 च्या आसपासही टिकतो. खूप थंड ठिकाणी राहत असाल तर सौंदर्य बाजूला ठेवून हाच घ्या.

हॅवर्डियाना टेक्सासच्या बिग बेंड भागातला, पॅरीचा थोराड भाऊ म्हणा, मोठा होतो, मायनस 20 च्या आसपास चालतो. युटाहेन्सिस कागदावर तितकाच कणखर, ग्रँड कॅन्यनच्या चुनखडीत वाढणारा, त्याचा एबोरिस्पिना प्रकार लांब पांढऱ्या काट्यांमुळे वेड लावतो, पण ओल याला मुळीच चालत नाही आणि वाढ अतिशय हळू. हिवाळी पावसाच्या ठिकाणी वर छप्पर देणार नसाल तर याच्या वाटेला जाऊ नका.

पाऊस जास्त आणि थंडी मध्यम असेल तर विचार बदलायला हवा. तिथे कमाल थंडीचा आकडा बघून उपयोग नाही, ओल सोसणारी जात बघावी लागते. ओव्हॅटिफोलिया हा माझा आवडता, मेक्सिकोतल्या न्यूव्हो लिऑनच्या डोंगरातला, रुंद, खोलगट, निळसर पानं, 2002 साली कुठे त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. मायनस 15 च्या आसपास आणि ओलीला बऱ्यापैकी सहनशील. एकच अडचण, पिल्लं जवळजवळ देत नाही, गेला तर गेला. मोंटाना पाइन-ओकच्या जंगलातून, उंच डोंगरावरून येतो जिथे धुकं आणि ओलावा असतोच, त्यामुळे थंडीचा आकडा कमी, साधारण मायनस 10, पण ओल्या हिवाळ्यात कित्येक 'जास्त हार्डी' जातींपेक्षा तोच टिकतो. पानांच्या पाठीवर आधीच्या पानांच्या काट्यांचे उमटलेले ठसे इतके सुंदर की नुसतं बघत बसावं.

ब्रॅक्टिओसा वेगळाच, काटे नाहीत, पानं ऑक्टोपससारखी वळलेली, अर्धी सावली चालते, मायनस 10 च्या आसपास. लहान मुलं किंवा कुत्री असतील तर हाच. व्हिक्टोरिया-रेजिने साधारण तेवढाच, पण कोरडा हवा.

आणि न घेण्यासारखे. अटेन्युआटा, तो मऊ, बिनकाट्याचा, प्रत्येक फोटोत असणारा, मायनस 2 लाच खराब होतो. सिसालाना, टेकिलाना, डेसमेटियाना हे सगळे उबदार हवेचे. अमेरिकाना मायनस 7-8 पर्यंत ओढून नेतो पण ओल्या थंडीत लवकर हार मानतो, आणि पट्टेवाले प्रकार साध्या हिरव्यापेक्षा सहसा नाजूकच. मॅनगेव्ह नावाने रंगीत ठिपक्यांचे संकर मिळतात, वाढतात भराभर, पण थंडीत बहुतेक सगळे कच्चे.

छप्पर आणि पांघरूण

छप्पर ओलीसाठी, पांघरूण थंडीसाठी. हे दोन वेगळे, लोक एकच समजतात.

छप्पर म्हणजे झाडाच्या 30-40 सेंटिमीटर वर तिरकी बसवलेली पारदर्शक शीट, चारही बाजू उघड्या, वाऱ्याने उडणार नाही इतकी घट्ट. शरद ऋतूतला पाऊस सुरू व्हायच्या आधी बसवा आणि वसंतात काढा. दिसायला बरं दिसत नाही, कबूल, पण एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर यावर करा.

पांघरूण फक्त तुमच्या झाडाच्या हद्दीबाहेरच्या रात्रींसाठी. फ्रॉस्ट क्लॉथ (दंवापासून झाकायचं हलकं कापड) किंवा जुनी चादर, काठ्यांच्या सांगाड्यावर, जमिनीपर्यंत सोडलेली म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. प्लास्टिक पानाला टेकलं की नेमकं तिथेच पान गोठतं, आणि सकाळी आत घाम धरतो. ओल्या झाडावर पांघरूण घालून आठवडाभर विसरलात तर सड तुम्हीच वाढवली. सकाळी काढा. आत दिव्यांची माळ लावायची असेल तर जुन्या तारेच्या बल्बची, एलईडी लागत नाहीत कारण ते तापतच नाहीत.

बर्फ पडला तर कोरडा भुसभुशीत बर्फ राहू द्या, तो पांघरूणच आहे. ओला, जड, वितळत चाललेला बर्फ मात्र मधल्या सुळक्यातून हाताने काढून टाका.

कुंडीतल्या झाडाचं गणित वेगळं. जमिनीत मुळं खालच्या उबेवर तगतात, कुंडीत चारही बाजूंनी गोठतात, आणि मुळं पानांपेक्षा नाजूक असतात. जात जितकी सांगितली आहे त्यापेक्षा निदान दहा डिग्री आधीच कुंडी आत घ्या. बिनहीटरची शेड, गॅरेज, उजेड असेल तर उत्तम, आणि पाणी पूर्ण बंद. घरात गरम खोलीत नको, तिथे अंधारात लांबट फिकट पानं काढत बसतो आणि वसंतात बाहेर काढला की भाजतो.

सडलेला वाचवायचा असेल तर

थंडीने गेलेली पानं लगेच कापू नका, पूर्ण वाळू द्या, ती खालच्या पानांना झाकतात. सड मात्र दिसली त्या दिवशीच हातात घ्या. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच, अगेव्हच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कातडीवर उडाला तर भयंकर खाज आणि पुरळ, डोळ्यात गेला तर डॉक्टर.

झाड उपटा, माती झटका, खालची पानं एकेक करून ओढून काढा. मग धारदार सुरीने बुंध्याला खालून पातळ चकत्या कापत जा. पहिली चकती तपकिरी आणि ओली निघेल, दुसरीत तपकिरी कडा आणि मधे पांढरं, किंवा उलट, बाहेर पांढरं आणि मधे एक तांबूस ठिपका. तो ठिपका दिसतोय तोपर्यंत थांबू नका, कितीही जीव तुटला तरी, कारण तोच वर चढतो. प्रत्येक चकतीनंतर सुरी स्पिरिटने पुसा. पूर्ण पांढरा, करकरीत, काकडीसारखा वास येणारा काप मिळाला की थांबा, वर गंधकाची भुकटी लावा आणि सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे नुसता ठेवून द्या. मग कोरड्या प्युमिसवर बसवा, गाडू नका, दगडांनी टेकवा, आणि मुळं फुटेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मुळं यायला महिना-दोन महिने लागतात, थंडीत तर त्याहून जास्त. कापत कापत सुळक्यापर्यंत पोचलात आणि तरी तपकिरीच, तर सोडून द्या.

पिल्लं बाजूला असतील तर ती सडक्या आईपासून लगेच तोडा, जोडणारी दांडी पांढरी आहे ना ते बघून. आठवडाभर सुकवून लहान कुंडीत लावा, पुढचा एक हिवाळा कुंडीतच काढू द्या. आणि जिथे झाड सडलं ती माती किमान फावडाभर खोल काढून फेकून, नवी खडी घालून मगच तिथे दुसरं लावा. वाफा उंच केल्याशिवाय तर लावूच नका.